खाचरांवर वाढलेले रान

सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात मणदूरच्या नाक्यावरून चांदोली राष्ट्रीय उद्यानात शिरले, की पाहण्याजोगी म्हणून जी ठिकाणे सांगितली जातात त्यांची नावे अशी : शेवताईचे मंदिर, विठलाईचे मंदिर, जनीचा आंबा, झोळंबीचा सडा. पर्यटक तेथे जातो तो गवा पाहायला, नशिबात असेल तर बिबट्या पाहायला, आणि अलीकडे मनात वाघाची आशा धरून. नावांकडे त्याचे लक्ष जात नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या यादीपाशीच थांबावे. पहिल्या दोन गावदेवी आहेत, आणि गावाशिवाय गावदेवी असत नाही. तिसरा आंबा आहे, तोही कुणा जनीचा, रानाचा नव्हे. चौथे नाव उठून गेलेल्या एका गावाचे आहे. जिला आपण निसर्गसहल म्हणतो ती अशी ओस पडलेल्या शिवारांतून मारलेली फेरी असते.

महाबळेश्वरापासून दक्षिणेकडे कोयनेच्या आणि वारणेच्या उगमाकडच्या खोऱ्यांत पसरलेली जी हिरवी पट्टी आहे, तिच्या या शिवारांचा इतिहास इथे मांडायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या पट्टीत शेती आणि निसर्ग ही दोन वेगळी प्रकरणे कधीच नव्हती. ती वेगळी झाली गेल्या दोनशे वर्षांत, आणि वेगळी केली ती पावसापाण्याने नव्हे. कायद्याने, धरणाने आणि शेवटी प्रवेशद्वारावरच्या फलकाने.

तुलनेसाठी जरा लांब जाऊ. आल्प्स पर्वतातल्या खोऱ्यांत आता अशा पायवाटा आखलेल्या असतात, की चालणाऱ्याला शेती आणि निसर्ग यांची ओळख एकाच वाटेवर व्हावी. एका फलकावर रानफुले, पुढच्यावर गवत कापण्याची रीत, त्यापुढे चीज करण्याची झोपडी आणि मग हिमनदीने घासलेला खडक. मुळात ‘आल्प’ या शब्दाचा तिथल्या डोंगरी लोकांच्या बोलीतला अर्थ शिखर असा नाहीच. उन्हाळ्यात गुरे चारण्याचे उंचावरचे कुरण, असा आहे. कुरणातली फुले टिकतात ती वर्षानुवर्षे गवत कापले जाते आणि गुरे चरतात म्हणून. माणूस उठला की झुडपे येतात, मग झाडे, आणि फुले मागे हटतात, हे तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखले. स्वित्झर्लंडमधल्या या उन्हाळी चराईच्या रीतीला युनेस्कोने २०२३ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आणि त्याच युनेस्कोने २०१२ साली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्यासह पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, ती निव्वळ नैसर्गिक निकषांवर. तिकडचा गुराखी वारशात मोजला गेला. इकडचा गवळी धनगर आणि कुणबी मात्र हिशेबाबाहेर राहिला. तिकडच्या शेतकऱ्याला सरकार डोंगरावर टिकून राहण्यासाठी पैसे मोजते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तिथली कुरणे काही केवळ प्रेमावर टिकलेली नाहीत.

आता आपल्या खोऱ्यात येऊ. कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेची वाट न धरता सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास दक्षिणेकडे वाहते. हेळवाकपाशी ती काटकोनात वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. सोळशी आणि कांदाटी या तिच्या उपनद्या. वारणेचा उगम त्याच्या दक्षिणेला, पाथरपुंजच्या पठाराकडे. पावसाचे म्हणाल तर महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आत-बाहेर असतो. दुष्काळी माणदेशावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. अतिपावसाच्या या पट्टीतला शेतकरी मात्र साहित्यात फारसा आला नाही. त्याची अडचण पाणी नसण्याची नव्हती, पाण्याने माती वाहून जाण्याची होती. ती त्याने कशी सोडवली ते पाहण्यासारखे आहे.

खोऱ्याच्या तळाला, ओढ्यांच्या काठी, जिथे जिथे थोडा सपाट तुकडा मिळेल तिथे दगडी बांध घालून खाचरे केलेली होती. बांध एकदाच घालून भागत नाही. दर पावसाळ्यात तो कुठेतरी फुटतो, दर उन्हाळ्यात तो बसवावा लागतो. एका खाचरामागे चार-पाच पिढ्यांचे हात असतात. खाचरात भात. वरच्या उतारावर, जिथे नांगर नीट चालत नाही तिथे, वरकस जमीन : नाचणी, वरी, सावा, कारळा. नाचणीचे रोप राब भाजलेल्या जागेत करायचे. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर देऊन उन्हाळ्याच्या शेवटी ते पेटवायचे, राखेत बी टाकायचे आणि पाऊस लागला की रोपे उपटून उतारावर लावायची. राबाला डहाळी लागते, डहाळीला झाड लागते. झाड मुळापासून तोडले तर पुढच्या साली राब कशाचा करणार? म्हणून झाड छाटायचे, तोडायचे नाही. हे ज्ञान कुठल्या वनखात्याने शिकवलेले नव्हते.

त्याहून वरचे चढ कुमरीचे. झुडपी रानाचा एक तुकडा हिवाळ्यात तोडायचा, उन्हात वाळू द्यायचा, पावसाआधी जाळायचा. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, जमिनीत दम असेल तर आणखी एखादे हलके धान्य; मग तो तुकडा कित्येक वर्षे मोकळा सोडायचा. त्या अवधीत कारवी माजते, तिच्यामागून मोठी झाडे डोके वर काढतात. कारवीच्या काठ्यांचे कूड करून ते शेणामातीने लिंपले की घराच्या भिंती होत. जळण, वैरण, कुडाच्या काठ्या, हिरडा, शिकेकाई, मध हे सारे त्याच पडीक तुकड्यांतून येई. आज ज्याला आपण दुय्यम जंगल म्हणतो, ते या शेतीचे विसावा घेणारे अंग होते.

आणि सर्वांत वर, सड्यांवर, गवळी धनगरांचे वाडे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या मंडळींवर जे लेखन केले ते आजही वाचण्याजोगे आहे. त्यांनी दाखवले ते असे : कुणबी खोऱ्याच्या तळाला शेती करी, गवळी धनगर माथ्यावर म्हशी पाळी. धनगर दूध विकत नसे. ते विरजून लोणी काढायचे, लोण्याच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि ताक घरात ठेवायचे. एकाच डोंगरावर राहून दोघे एकमेकांच्या पोटावर पाय देत नव्हते. वर सडा, मध्ये कुमरी, खाली खाचर आणि या साऱ्यांत कुठेतरी देवराई, जिथे काटकी उचलायलाही देवाची परवानगी लागे. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिले, तेव्हा त्या सगळ्या रचनेचा एक तुकडा विद्वानांच्या जगात पोचला. बाकीचे तुकडे जोडून पाहण्याचे काम अजून व्हायचे आहे.

या मंडळींना एकमेकांशी आणि कोकणाशी जोडणाऱ्या होत्या त्या पायवाटा. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, देशावरून धान्य आणि गूळ खाली जायचा. या वाटांवर नजर ठेवण्यासाठी किल्ले होते, आणि किल्ल्यांवर नजर ठेवण्यासाठी वाटेत मेटे. मेट म्हणजे किल्ल्याच्या चढावरची चौकी आणि तिच्याभोवती वसलेली राखणदारांची वस्ती. आज वासोट्याला जाणारे हौशी गिर्यारोहक बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडतात आणि जिथे उतरतात त्या जागेचे नाव मेट इंदवली. गाव नाही, नाव आहे. तिथून चढ लागतो तो गर्द झाडीतून. संध्याकाळच्या आत परतावे लागते, मुक्कामाला बंदी आहे. वन्यजीवांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण या किल्ल्याच्या पायथ्याशी माणसे कायम राहत होती, पिकवत होती आणि त्यांच्या पिकावरच किल्ला जगत होता, याची कल्पना त्या झाडीतून चालताना येत नाही.

वासोट्याचा राजकीय इतिहास सर्वांना थोडाफार ठाऊक असतो. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि हा सगळा मुलूख स्वराज्यात आला. १८०७च्या सुमारास ताई तेलिणीने पंत प्रतिनिधींच्या बाजूने हा किल्ला पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याच्याविरुद्ध काही महिने झुंजवला. (ताई तेलिणीवर एखादे बरे चरित्र मराठीत अजून का नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.) १८१८च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तोफा चढवून किल्ला घेतला तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातली माणसे आणि दोन इंग्रज अधिकारी तिथे कैदेत होते. आपण हे सारे लढायांच्या भाषेत वाचतो. पण जावळीचे रान शत्रूला दुर्गम वाटे ते ओसाड होते म्हणून नव्हे. त्यातल्या वाटा फक्त तिथे राहणाऱ्यांना माहीत होत्या, म्हणून. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त झाडांविषयी जो भाग आहे, त्यात आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळजबरीने तोडू नयेत, असा सांगावा आहे. आंबा-फणस म्हणजे रयत, हे समीकरण त्या काळच्या राज्यकर्त्याला पक्के माहीत होते. आजही घनदाट रानात जुने आंबे आणि फणस एका ठिकाणी उभे दिसले की खुशाल समजावे, इथे अंगण होते. शेजारी उखळ, जात्याची तळी किंवा जोत्याचे दगड सापडतातच.

इंग्रजी अमलात या भूमीकडे पाहण्याची नवी दृष्टी आली, आणि तिचा उगम महाबळेश्वरी आहे. १८२८ साली गव्हर्नर माल्कम तिथे आला. पुढच्या वर्षी प्रतापसिंह महाराजांकडून, वाईजवळचे खंडाळा त्यांना देऊन, ती जागा इंग्रजांनी घेतली. माल्कम पेठ वसली. आजारी गोऱ्या साहेबाने हवा खावी म्हणून वाटा आखल्या गेल्या. त्या कुठल्या गावाला जात नव्हत्या, कड्याच्या टोकापर्यंत जाऊन थांबत होत्या. त्या टोकांना साहेबांची आणि मडमांची नावे मिळाली. माझ्या मते आपल्याकडची ही पहिली आखीव निसर्गवाट : जिचा शेवट बाजारात नाही, देवळात नाही, शेतात नाही, केवळ पाहण्यात आहे. त्याआधी सह्याद्रीत वाट होती ती कुणाकडे तरी जाणारी.

गंमत अशी, की या पाहण्याच्या जागेलाही पिकवणाऱ्यांचे हात लागलेच. इंग्रजांनी तिथे तुरुंग बांधून पूर्वेकडच्या वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले. त्यांनी बटाटा आणि इतर भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरच्या ज्या बागायतीचे आज कौतुक होते आणि ज्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या पूर्वेतिहासात हे परदेशी कैदी आहेत. दुसरीकडे त्याच डोंगरावरचे धावड पिढ्यान्‌पिढ्या जांभ्यातून लोखंड गाळत असत. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे, कोळशाला झाडे. जंगलबंदी कडक होत गेली तशा त्या भट्ट्या विझल्या. पाहुण्यांसाठी भाजी पिकवणे मान्य झाले, स्थानिकांचे लोखंड अमान्य ठरले. कोणता उद्योग निसर्गाला शोभतो, हे कोण ठरवणार, या प्रश्नाचा निकाल तिथेच लागून गेला होता.

१८७८ च्या जंगल कायद्याने तो निकाल साऱ्या डोंगरांना लागू केला. राखीव आणि संरक्षित असे जंगलाचे वर्ग पडले. कुमरी म्हणजे नासाडी, असे सरकारी दप्तराने ठरवले आणि ती कमी करत नेली. राबासाठी डहाळी तोडणे हा ठाणे-कुलाब्याकडे एवढा मोठा वादाचा विषय झाला, की १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. महात्मा फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्याने डोंगर-दऱ्या आणि गायराने गिळंकृत केल्याबद्दल जो संताप व्यक्त केला आहे, तो पुस्तकी नव्हता. शेतकऱ्याचे गुरू चरायला कुठे नेणार, हा त्यांचा सवाल होता, आणि तो आजच्या व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवरही विचारला जातो.

या असंतोषाचा स्फोट वारणेच्या खोऱ्यात झाला. शिराळा तालुक्यातील बिळाशी हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. १९३० च्या पावसाळ्यात बिळाशीकरांनी राखीव जंगलातला साग तोडला, त्यावर तिरंगा चढवला आणि तो गावात उभा केला. झेंडा काढायला सरकारी फौजफाटा आला, लोकांनी अडवले, बायका पुढे झाल्या, गोळीबार झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत जंगल सत्याग्रह हा मिठाच्या सत्याग्रहाचा डोंगरी भाऊ म्हणून एका ओळीत येतो : समुद्र नव्हता, म्हणून लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. ही मांडणी मला अपुरी वाटते. बिळाशीच्या माणसाला मिठाच्या कायद्याला पर्याय शोधायचा नव्हता. गवत, जळण, राब, औताचे लाकूड हा त्याच्या शेतीचा अर्धा भाग होता, आणि तो कायद्याने कापून सरकारकडे नेलेला होता. त्याने झेंड्यासाठी खांब निवडला तो सागाचा, यातच सगळे आले.

स्वातंत्र्यानंतर तरी हा अर्धा भाग परत जोडला जाईल, अशी अपेक्षा असणार. झाले उलटे. १९५०च्या दशकात कोयनेवर हेळवाकजवळ धरणाचे काम सुरू झाले. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे शंभर टीएमसीच्या वर पाणी साठते आणि कण्याखालच्या बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीला उतरून वीज तयार करते. १९६२ मध्ये पहिली वीज मिळाली. महाराष्ट्राच्या कारखान्यांचा पाया या विजेवर उभा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाण्याखाली काय गेले? खोऱ्याचा तळ, म्हणजे नेमकी खाचरे. त्या त्रिस्तरी रचनेतला सर्वांत सुपीक, सर्वांत जास्त श्रमांचा थर आधी बुडाला. शंभराच्या आसपास गावे उठली. रायगड, ठाणे, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी त्यांची पांगापांग झाली. काही जण उठले ते फार लांब गेलेच नाहीत. पाणी चढले तसे डोंगर चढून वरकस जमिनीवर आणि कुमरीच्या उतारांवर जाऊन राहिले. वाटा पाण्याखाली गेल्यामुळे ही वरची वस्ती बेटासारखी झाली. कांदाटी खोऱ्यातल्या गावांना पुढे कित्येक वर्षे तापोळ्याच्या बाजाराला यायला होडीचाच आधार होता. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगरच्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली.

कोयनेच्या वेळी पुनर्वसनाचा धड कायदाही नव्हता. तो १९७६ साली झाला. प्रकल्पग्रस्ताला लाभक्षेत्रात जमीन देण्याचे तत्त्व त्याने मान्य केले. देशात इतर राज्यांच्या फार आधी महाराष्ट्राने हे केले, आणि त्यामागे कोयनेच्या माणसांनी सोसलेले होते व त्यांच्या चळवळी होत्या. दरम्यान वारणेवर चांदोलीचे धरण उभे राहत होते. त्या खोऱ्याचा तळही गेला. मग १९८५ साली कोयना अभयारण्य आणि चांदोली अभयारण्य जाहीर झाले. धरणाच्या पाण्याने ज्यांना वर ढकलले होते त्यांना आता वरूनही उठायचे होते. चांदोलीचे २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यानात चराई नाही, वस्ती नाही. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि दोन वर्षांनी जागतिक वारशाचा मान आला. तीस वर्षांच्या आत एकाच कुटुंबाने धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त असे दोन्ही शिक्के बसवून घेतल्याची उदाहरणे या पट्ट्यात अपवादाने सांगावी लागत नाहीत. चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांची जमिनीसाठी आणि नागरी सुविधांसाठीची ठिय्या आंदोलने पुढे वर्षानुवर्षे चालली, हे सांगली-कोल्हापूरच्या वृत्तपत्रवाचकांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे. सगळेच लोक रडत उठले, असे नाही. चार महिने धुक्यात आणि चिखलात कोंडलेले गाव, अडलेली बाळंतीण डोलीत घालून डोंगर उतरायचा, चौथीच्या पुढे शाळा नाही. तरुण पोरे तर गिरणीच्या काळापासून मुंबईलाच होती. त्यांना खाली यायचे होते. जुने जीवन सोन्याचे होते असे म्हणणाऱ्याने एक पावसाळा पाथरपुंजला काढून पाहावा. आणि माणूस उठल्यावर जे रान वाढले त्याचीही किंमत आहेच. गवा वाढला, सांबर वाढले. जुन्या खाचरांतल्या आणि माळांवरच्या गवतावरच ते पोसले जाते. वन विभागाला ही गवताळ मोकळणे राखावी लागतात, कारण सगळीकडे झाडी माजली तर गव्याला चरायला उरणार नाही. म्हणजे वाघासाठी गवा, गव्यासाठी गवत आणि गवतासाठी कुणब्याने शंभर वर्षांपूर्वी फोडलेले रान, अशी ही साखळी आहे. तिच्यातली शेवटची कडी तेवढी कुठे सांगितली जात नाही.

कासच्या पठाराने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे बाराशे मीटर उंचीवरच्या या सड्यावर जांभ्याच्या पातळ मातीत पावसाच्या अखेरीस फुलांचे गालिचे उमलतात. कारवीची जात सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. गर्दी वाढली तशी फुले वाचवण्यासाठी कुंपण घातले गेले आणि त्याबरोबर गुरेही बाहेर राहिली. काही वर्षांत बोलणे सुरू झाले, की उंच गवत माजते आहे आणि खालची नाजूक फुले दबत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या आसपासच्या गावांतल्या लोकांना यात नवल वाटले नाही. पुढे ते कुंपण काढण्यात आले. एकट्या चराईवर सगळे ठरते असे म्हणणे घाईचे होईल. तुडवणाऱ्या हजारो पायांचा, मोटारींचा, बदलत्या पावसाचा हिशेबही त्यात आहे. पण म्हशीच्या जिभेचा त्या गालिच्यात काही वाटा होता, एवढे मान्य करायला आपल्याला जागतिक वारसा व्हावे लागले आणि मग कुंपण घालून पाहावे लागले, हे नोंदवण्यासारखे आहे.

सांगली जिल्ह्यातच याच्या उलटचे एक उदाहरण आहे. कृष्णाकाठच्या देवराष्ट्रेजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे. उघड्या बोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या साथीदारांनी झाडे लावली, राखली, हरणे आणून सोडली, आणि १९८५ साली, म्हणजे कोयना-चांदोलीच्याच वर्षी, त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सागरेश्वरचा उल्लेख होतो तेव्हा मोहित्यांचे नाव आदराने घेतले जाते. मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याचा गौरव होतो. म्हणजे माणसाने रान घडवले, ही कल्पना आपल्याला परकी नाही. झाड लावणारा आपल्याला दिसतो. झाड न तोडता छाटणारा, सड्यावर म्हैस चारणारा, बांध बसवणारा दिसत नाही, इतकेच.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. साताऱ्याच्या पश्चिमेकडील दोनशेहून अधिक गावांचा समावेश असलेल्या नवीन महाबळेश्वर प्रकल्पाचे आराखडे तयार होत आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. कोयनेच्या काठी निवास, लाँच, निसर्गवाटा होणार. रस्ते तर येऊ लागलेच आहेत. या वाटांवर फलक लागणार आणि त्यांवर काय लिहायचे ते ठरणार. पक्ष्यांची, फुलपाखरांची, झाडांची शास्त्रीय नावे तयारच आहेत, वासोट्याची लढाईही लिहिता येईल. खाचराचा बांध कसा घालत, राब केव्हा भाजत, एका वाड्याच्या म्हशी कोणत्या सड्यावर आणि दुसऱ्याच्या कोणत्या, ही माहिती ज्यांच्याकडे आहे ती माणसे वाळवा, कऱ्हाड, खालापूर अशा ठिकाणच्या पुनर्वसन वसाहतींत राहतात. १९६०च्या सुमारास जे दहा-बारा वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरी ओलांडून गेले. त्यांच्यातल्या ज्यांना लाभक्षेत्रात जमीन मिळाली, ते त्या काळ्या जमिनीत ऊस लावायला शिकले, आणि चांगला लावतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले तेव्हा नाचणीवर परिसंवाद भरले, पाककृती छापून आल्या. ज्यांनी तीस अंशांच्या उतारावर नाचणीची रोपे लावली त्यांच्यापैकी किती जण व्यासपीठावर होते, याची चौकशी कुणी केली तर बरे होईल.

दप्तरे आहेत. १८८५ च्या गॅझेटियरात जावळी आणि पाटण तालुक्यांची पिके, वस्त्या, घाटवाटा यांची वर्णने आहेत. जमाबंदीचे नकाशे आहेत, त्यांत बुडालेल्या गावांचे शिवार आजही शाबूत आहे. महसूल खात्याच्या कपाटात जे खाचर गट नंबरासकट उभे आहे, ते वन खात्याच्या नकाशात गर्द हिरव्या रंगाखाली गेलेले आहे. हे दोन नकाशे एकावर एक ठेवून, एखादा वृद्ध माणूस बरोबर घेऊन, त्या रानातून चालणे हे कुणा विद्यापीठाने हाती घ्यावे असे काम आहे. त्याला फार मोठा निधी लागणार नाही. लागेल ती वन विभागाची परवानगी आणि त्या माणसाच्या गुडघ्यांत बळ.

वाटा मात्र पूर्ण मेलेल्या नाहीत. वासोट्याच्या शेजारी, कण्याच्या ऐन धारेवर, नागेश्वराची गुहा आहे. महाशिवरात्रीला कोकणातून चोरवण्याच्या बाजूने माणसे हातात नारळ घेऊन ती उभी चढण चढतात आणि देशावरूनही लोक पाणी ओलांडून तिथे येतात. त्या दिवशी गुहेपाशी जी माणसे भेटतात त्यांच्यात पाठीवर पिशवी घेतलेले गिर्यारोहक असतात आणि अनवाणी आलेल्या म्हाताऱ्याही असतात. गिर्यारोहक विचारतात, पाणी कुठे मिळेल. म्हाताऱ्या न थांबता हात करून दाखवतात.